उपाशी गोधडी

एका राज्यात पाण्याची वाण नव्हती, धान्याची नव्हती, आणि राजाला सल्ला देणाऱ्यांची तर मुळीच नव्हती. राजाचे नाव नीलध्वज, राणीचे नाव रत्नप्रभा. लग्नाला अकरा वर्षे झाली तेव्हा त्यांच्या महाली पाळणा हलला. मुलगा झाला. राजाने हत्तीवरून साखर वाटली, आणि मग बाळाला पांघरायला काय घालावे या प्रश्नावर दरबार भरवला.

खरे तर त्यात ठरवण्यासारखे काही नव्हते. तान्ह्या बाळाला पहिले कापड नवे घालायचे नाही, अशी त्या राज्याची रीत होती. आजी-पणजीची धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी असत, त्यांचीच झबली, त्यांचीच दुपटी, त्यांचीच गोधडी. दुसरी रीत याहूनही जुनी. गोधडी शिवत आणायची, चौथ्या कोपऱ्याशी थांबायचे, घरच्या भाकरीचा एक तुकडा आत सारायचा आणि मगच शेवटचा टाका घालायचा. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. राहिली तर काय होते, हे कोणी विचारीत नसे. आई घालीत होती म्हणून लेक घाली.

पण प्रधान म्हणाला की राजपुत्राने जुनेर पांघरावे हे शोभत नाही. राजाला ते पटले. आपल्या मनातले दुसऱ्याने बोलून दाखवले की राजांना ते फार लवकर पटते. तळघरातले भांडार उघडले. तिथे तीनशे वर्षे एक सोनेरी वस्त्र पेटीत घडी करून ठेवले होते. पेटीवर 'पांघरू नये' असे कोरले होते. प्रधानाने ते वाचले आणि हे गरिबांसाठी लिहिले असावे, असा अर्थ लावला.

गोधडी शिवायला गजराबाईला बोलावणे गेले. ही नगरातली शिंपीण. पन्नाशीची, एकटी, हाताने जलद आणि बोलण्यात सावकाश. निम्म्या नगराने पहिली झोप तिच्या हातच्या गोधडीत घेतली होती. नव्या कापडाची गोधडी तिला रुचली नाही. पण राजापुढे शहाणपण चालत नाही म्हणून ती गप्प बसली. तिला मखमली आसनावर बसवले. समोर प्रधान बसला, पाठीशी दासी वारा घालीत उभ्या राहिल्या. चौथा कोपरा आला तसा तिचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. सकाळच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तिने येताना घेतला होता. हात तिथेच थांबला. एवढ्या सोन्यात हा वाळका तुकडा? प्रधान काय म्हणेल? गजराबाईला लाज वाटली. तिने तुकडा पुन्हा पिशवीत सारला आणि शेवटचा टाका घातला. लाज ही अशीच. नको तिथे येते आणि हवी तिथे फिरकत नाही.

बारशाच्या दिवशी गोधडी बाळावर पांघरली, आणि त्या दिवसापासून बाळ झोपले नाही.

गोधडी उपाशी होती. तिला भाकरी मिळाली नव्हती, म्हणून ती बाळाची झोप खाऊ लागली. बाळ रडेना, हसेना, नुसते डोळे उघडे ठेवून छताकडे पाही. राजाने गोधडी काढून पेटीत कोंडली. कुलूप लागले तोच ती पाळण्यात दिसली. आगीत टाकली; आग विझली. दगड बांधून नदीत बुडवली. माणसे घरी पोचण्याआधी ती पाळण्यात परतली, कोरडीठाक. राजवैद्याने नाडी पाहिली आणि मान खाली घालून सांगितले की बाळाच्या अंगात आणखी बारा दिवसांचे बळ आहे. राणी पाळण्यापाशी बसली ती उठलीच नाही.

हे गजराबाईच्या कानी आले. कोणी न सांगता तिला सारे समजले. तिच्या खिडकीशी उंबराचे झाड होते. त्यावर शिंपी जातीची एक पक्षीण पानाला पान शिवून घरटे करी. दोघी एकाच धंद्यातल्या, त्यामुळे एकमेकींच्या कामाला नावे ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता. त्या दिवशी पक्षिणीने नावे ठेवली नाहीत.

"गजरे, चौथा कोपरा रिकामा सोडलास," ती म्हणाली.

"आज उसवून घास घालते."

"आता ती घेणार नाही. ते कापड काळजागर मांत्रिकानं विणलंय. तो जन्मल्यापासून झोपलेला नाही, आणि त्याची भूक त्या कापडात उतरली आहे. घडीत होती तोवर ती निजून होती. तू तिची गोधडी केलीस आणि उपाशी ठेवलीस, म्हणून ती उठली. मांत्रिक झोपेपर्यंत ती दुसरा घास तोंडात घेणार नाही."

त्याला झोपवायचे कसे, असे गजराबाईने विचारले. पक्षीण म्हणाली, "पोरांना झोपवायची कापडं तू शिवतेस. मी पानं शिवते."

गजराबाई राजाकडे गेली. बाळासाठी औषध आणते, बारा दिवसांत परत येते, एवढेच तिने सांगितले. चूक आपली, हे शब्द ओठांपर्यंत आले. पण प्रधान तिथेच उभा होता, आणि ते पुन्हा घशात गेले. तिने सुई, दोऱ्याचे गुंडाळे, कात्री, मूठभर घुंगरू, दोन वार मलमल आणि जाड्याभरड्या सुताचा तागा घेतला. रात्री अंगावर घ्यायला असावे म्हणून आईचे जुने लुगडे घेतले. भाकरीचा तो तुकडाही घेतला. टाकून देण्याचे तिच्या जिवावर आले होते. वाळून दगड झाला होता तरी जिथे द्यायचा राहिला तिथेच तो द्यायचा, असे तिने मनाशी पक्के केले. पक्षीण गाठोड्यावर बसली. तीन दिवस चालून दोघी काळजागराच्या गडावर पोचल्या.

गडाच्या भिंतींवर सोनेरी कापड होते, खांबांवर होते, पायऱ्यांवर होते. एका दालनात नुसत्या सुया टोचून ठेवल्या होत्या, गंजलेल्या. याआधी आलेल्या शिंप्यांच्या त्या. मधोमध काळजागर बसला होता. अंगाने काटकुळा, केस जमिनीपर्यंत पांढरे, डोळे लाल. चारशे वर्षांचे जागरण तोंडावर दिसत होते.

"मागायला आलीस," तो म्हणाला. "आधी तीन पोरांचं शिव. जमलं तर माग. नाही जमलं तर तुझी सुई इथं राहील, आणि पुन्हा कुठलंही कापड तुझ्या हाताला वश होणार नाही."

पहिले पोर राक्षसिणीचे. ते तासाला वीतभर वाढे. शेवटचा टाका पडेपर्यंत झबले आखूड होई, आणि पोर कायम उघडे. गजराबाईने त्याला मांडीवर घेतले. तेवढ्यात तिची मांडी पुरेनाशी झाली. तिने जाड्या सुताचा अख्खा तागा घेऊन त्याला आडव्या चुण्या घातल्या, एकीवर एक, साठ. प्रत्येक चुणी कच्च्या धावदोऱ्याने धरली. पोर वाढले की एक दोरा आपसूक तुटे, एक चुणी उलगडे आणि झबले वीतभर लांब होई. "सगळ्याच पोरांचं वाढत्या अंगाचं शिवतात, हे जरा घाईचं आहे," ती राक्षसिणीला म्हणाली. चुण्या संपल्या की नवे कापड जोडून पुन्हा कशा घालायच्या, तेही तिने शिकवले. राक्षसिणीने उरलेल्या चिंध्या तिच्या पदरात घातल्या, कारण तिच्याजवळ द्यायला दुसरे काही नव्हते.

दुसरे पोर वाऱ्याचे. त्याला खांदे नव्हते, कंबर नव्हती. घातलेले सारे क्षणात खाली पडे. आधीच्या शिंप्यांनी बंद लावले, गाठी मारल्या, आणि पोर चिडून त्यांचे छप्पर घेऊन गेले. गजराबाईने पातळ मलमलीची कुंची शिवली, डोक्यावरून पाठीवर सुटणारी. तिला एकही बंद लावला नाही. खालच्या काठाला मात्र बारीक घुंगरू लावले आणि कुंची दारात टांगून ती बाजूला झाली. वाऱ्याचे पोर सहज आत शिरले. घुंगरू वाजले. ते बाहेर आले, पुन्हा आत शिरले. मग ते कुंची घालून साऱ्या गडभर हिंडले आणि काढायला तयार होईना. दुसरा दिवस असा गेला.

काळजागर म्हणाला, "तिसरं राहिलं. या गडात एकजण आहे, तो कधी झोपला नाही. त्याच्यासाठी गोधडी शिव."

"तो तान्हा नाही," गजराबाई म्हणाली.

"तान्हा होता तेव्हा त्याला कोणी शिवली नाही. शेताच्या बांधावर ठेवून गेले होते. उघडाच."

गजराबाईला त्याची दया आली. भीतीसुद्धा होती, पण दया जास्त. तिने त्याला उभे केले आणि दोरीने माप घेतले. खांद्याला बोट लागताच तो दचकला. इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता.

आता कापड कुठून आणायचे? गडावर सोन्याखेरीज कापड नव्हते, आणि सोन्याने काय केले ते ती पाहून आली होती. तिने आईचे लुगडे काढले. त्याला अजून चुलीच्या धुराचा वास होता. आईची म्हणून एवढी एकच वस्तू तिच्याजवळ उरली होती. कात्री लावताना ती रडली, आणि रडत रडतच तिने सरळ कापले. राक्षसिणीच्या चिंध्या, कुंचीची उरलेली मलमल, पक्षिणीने चोचीने आणलेला सावरीचा कापूस, सारे तिने आत-बाहेर लावले. चार दिवस ती शिवत होती. चौथ्या दिवशी दुपारी ती चौथ्या कोपऱ्याशी आली आणि थांबली.

गडावर चूल नव्हती. न झोपणाऱ्याला शिजवून खाण्याची आठवण राहत नाही. वाटेची शिदोरी केव्हाच संपली होती. पिशवीत तो एकच तुकडा होता.

"हा इथं दिलास तर राजपुत्राला काय देशील?" पक्षीण म्हणाली. "मिटून टाक कोपरा. इथं तुला कोण पाहतंय?"

गजराबाई तुकडा हातात घेऊन बसली. पाळण्यातले उघडे डोळे तिला दिसत होते. राणीची वाकलेली मान दिसत होती. परतायला तीनच दिवस उरले होते. मग ती म्हणाली, "त्या दिवशी सगळे पाहत होते म्हणून घातला नाही. आज कोणी पाहत नाही म्हणून घालू नये, तर मग मी घालायचा कधी?" तिने तुकडा कोपऱ्यात सारला आणि टाका घातला.

काळजागराने गोधडी पांघरली. थोड्या वेळाने त्याने विचारले, "हिच्यात काय आहे? माझ्या कापडात हे नव्हतं."

"भाकरी आहे."

"कोणाची?"

"माझ्या न्याहारीतली."

तुला काय हवे ते घेऊन जा, असे त्याला म्हणायचे होते. पण मध्येच जांभई आली, आयुष्यातली पहिली, आणि तो पाय पोटाशी घेऊन झोपला. भिंतींवरचे सोने हळूहळू उडून गेले. खाली साधे पांढरे सूत निघाले. दालनातल्या सुयांचा गंज उतरला. वाऱ्याचे पोर घुंगरू वाजू न देता बाहेर गेले.

बाराव्या दिवशी सकाळी गजराबाई महालात पोचली. पाळण्यातल्या गोधडीचेही सोने गेले होते, ती साधी पांढरी झाली होती. पण बाळाचे डोळे अजून उघडेच होते, आणि आता ते खोल गेले होते. मांत्रिकाचा शाप मांत्रिकाबरोबर निजला होता. गजराबाईची चूक अजून जागी होती.

राजा होता, प्रधान होता, वैद्य आणि दासी होत्या. गजराबाई साऱ्यांच्या देखत म्हणाली, "महाराज, ही गोधडी मी उपाशी शिवली. घास माझ्या पिशवीत होता. सोन्यात ज्वारीची भाकरी घालायची मला लाज वाटली. बाळाची झोप माझ्या लाजेनं गेली."

प्रधानाने तोंड उघडले, पण राणीने त्याच्याकडे पाहिले आणि त्याने ते मिटले.

"तो घास आता कुठं आहे?" राणीने विचारले.

"दुसऱ्या उपाशी जिवाला देऊन आले, राणीसाहेब."

"मग कोणाच्या हातचा चालेल?"

"खरं तर ज्या घरचं पोर, त्या घरच्या चुलीवरचाच घालतात. आमच्याकडे आई नाहीतर आजी थापते."

राणी उठली. बारा दिवसांत ती पहिल्यांदाच पाळण्यापासून दूर गेली. मुदपाकखान्यात जाऊन ती परातीपुढे खाली बसली. तिने जन्मात भाकरी थापली नव्हती. आचारी पुढे झाला, त्याला तिने हाताने थांबवले. पहिली भाकरी परातीलाच चिकटली. दुसरी तव्यावर टाकताना मोडली आणि राणीची बोटे भाजली. तिसरी कशीबशी झाली, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला करपलेली, आणि आकाराने कुठल्याशा बेटासारखी. ती पदरात धरून राणी परत आली.

गजराबाईने चौथा कोपरा उसवला. राणीने आपल्या हाताने तुकडा आत सारला. गजराबाईने सुई तिच्याच हाती दिली, आणि राणीने शेवटचा टाका घातला. गोधडी जराशी जड झाली, आणि जेवून उठलेले माणूस टेकते तशी बाळाच्या अंगावर टेकली. बाळाने एक जांभई दिली. मग त्याच्या पापण्या मिटल्या.

राजाने आपले जोडे काढून हातात घेतले आणि अनवाणी पायांनी तो खिडकीपर्यंत गेला, कारण त्याला रडू आले होते. दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर बाळ जागे झाले आणि भुकेने असे रडले की ते वेशीपर्यंत ऐकू गेले. त्या रडण्यासाठी लोकांनी घरोघर गूळ वाटला.

पुढे महिन्याभराने प्रधानाला नात झाली. आईच्या जुन्या लुगड्यांचे बोचके घेऊन तो स्वतः गजराबाईच्या दारी आला. भाकरीही आणली होती, शेल्याखाली लपवून. ती हातात उघडी धरा, एवढेच ती त्याला म्हणाली.

राजपुत्राच्या गोधडीत शेवटचा टाका तेवढा वाकडा पडला होता. नीट करून द्या, असे राणी एकदा गजराबाईला म्हणाली. गजराबाईने तो उलटसुलट करून पाहिला, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "राणीसाहेब, साऱ्या गोधडीत हा एकच टाका आईचा आहे. याला मी हात लावायची नाही."

ज्यांनी ऐकले त्यांच्या पोरांना झोप लागो. आमचा दोरा इथे संपला, गाठ मारून ठेवली आहे.