डावा ब्रेक ओढतो

गाडीचे भाग आपापसांत बोलत, त्या जुन्या दिवसांतली ही हकिकत. घाटाखाली राहणाऱ्या वत्सला साटमची म्हातारी मोटार ब्रेक दाबला की डावीकडे जायची.

"हा डावा ब्रेकच गाडी ओढतो," स्टिअरिंग कुरकुरायचं.

"माझ्याकडे बघा, मी कधी तापतो का?" उजवा ब्रेक मिरवायचा.

वेळेला चाक धरायचं, एवढंच डाव्याला ठाऊक होतं. तरी बोल मनाला लागायचेच.

एकदा घाटातल्या वळणावर शेळ्या आडव्या आल्या. वत्सलाने करकचून ब्रेक दाबला. डाव्याने जीव खाऊन चाक धरलं. शेळ्या वाचल्या, पण गाडी डावीकडच्या गटारात उतरली.

"डावा सैल करून टाक, ताई," शेजारी बसलेला भाऊ अनंता म्हणाला.

"आधी बघू तर दे." वत्सलाने पुढची दोन्ही चाकं चाचपली. डावं चटका देत होतं, उजवं गार होतं. गाडी घरी आणून तिने पुढून जॅकवर चढवली. "अनंता, ब्रेक दाबून धर."

डावं चाक हलेना. उजवं मात्र हाताने गरगर फिरलं.

"डावा एकटाच राबतोय रे! उजवा धरतच नाही."

उजव्याकडे ब्रेकचं तेल नेणारी रबरी नळी आतून फुगून बंद झाली होती. तिने नवी बसवली आणि तेलात शिरलेली हवा काढून टाकली.

पुढच्या उतारावर गाडी सरळ थांबली. उजवा चांगलाच पोळला.

"बाप रे, इतकं तापतं?"

"हो," डावा म्हणाला. "आणि हे तर आता निम्मंच आहे."