न भुंकणारं पिल्लू

"आमचं चुकलं कुठं, बाबा?"

एवढं विचारायला कर्नल ग्रेसन सातासमुद्रापलीकडून आला होता. याच डोंगराळ खोऱ्यात अतिरेक्यांचा नायनाट करायला त्याची फौज कित्येक वर्षं तळ ठोकून होती. त्याचा एकुलता एक मुलगा टोबीही त्याच फौजेत. तो इथेच लढताना पडला. आणि फौजेची पाठ वळते न वळते तोच ते अतिरेकी खोऱ्यात परत आले. एक गोळी झाडावी लागली नाही त्यांना!

फकीर नूरशाह दर्ग्याच्या पायरीवर बसून एका पिल्लाला भाकर चारत होते. त्यांना कसली आलीय घाई!

"शाळा बांधल्या, पूल बांधले. डोळ्यांत तेल घालून गाव राखलं..."

फकिरांनी पिल्लाच्या कानाशी तोंड नेलं आणि चक्क भुंकले.

"भू! भू!"

पिल्लू आपलं टकामका बघत राहिलं.

कर्नलला हसू फुटलं. "हे काय, बाबा?"

"शिकवतोय. परका आला की भुंकायचं असतं, हे याला ठाऊकच नाही. शिकवायला गावात एक जुनं कुत्रं उरलेलं नाही."

कर्नलचं हसू मावळलं. छापा घालायच्या आधी कुत्री मारा, ती भुंकून गाव जागं करतात, हा हुकूम त्याचाच होता. टोबीला कुत्र्यांचा भारी लळा. तरी बापाचा हुकूम म्हणून पोरानं तो मुकाट्यानं पाळला होता.

"म्हणजे... ते परत आले तेव्हा..."

"कुणाला चाहूलच लागली नाही, बेटा."

कर्नल फकिरांशेजारी पायरीवर बसला.

"बाबा, माझं पोर... फुकट गेलं का हो?" कर्नलनं विचारलं. त्याला टोबी हवा होता. दुसरं काही नको होतं.

फकिरांनी पिल्लू उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. ते वेडं त्याचा हात चाटू लागलं. कर्नलनं त्याला छातीशी धरलं. सोडवेना.

"मी... पुन्हा येऊ का इथं?"

"ये की. पण हे भुंकायला शिकलं, की ये. आधी ते तुझ्यावर भुंकेल. मग मी बाहेर येईन, त्याला गप्प करीन, आणि तुला आत घेईन."