उशाचा नारळ

"मग त्याच्या कानात एवढं काय सांगता, ते मला सांगा ना!"

गुणाजी तांडेल बांगड्याचा काटा काढत होते. गलबत देवगडच्या खाडीत नांगरलं होतं, ऊन उतरत होतं आणि चुलीवर भाताचं शेवटचं आधण रटरटत होतं.

"काका, मी विचारतोय."

"काटा आहे रे... थांब."

अर्जुन थांबला. काटा निघाला. तांडेलांनी तो घास खाल्ला, मग दुसरा खाल्ला, मग बांगड्याचं डोकं उचललं आणि समोर बसलेल्या धाकूच्या ताटात टाकलं.

झालं! बारा वर्षं या गलबतावर काढली, पण डोकं कधी अर्जुनच्या ताटात पडलं नव्हतं. तसं त्याला बांगड्याचं डोकं आवडतही नव्हतं. पण तो प्रश्न वेगळा.

गोष्ट कार्तिकातली. पावसाळा सरला होता, समुद्र निवळला होता, वारा उत्तरेकडून वाहू लागला होता. उरणचं मीठ भरून गुणाजींचं गलबत शीड उभारून दक्षिणेला निघालं होतं. दिवसा चालायचं, सांज झाली की जवळच्या खाडीत शिरायचं. जयगड झालं, विजयदुर्ग झालं, आता देवगड. उद्या निवतीचं टोक ओलांडलं की वेंगुर्लं.

गुणाजींची ही शेवटची फेरी होती.

त्यांच्याबद्दल किनाऱ्यावर काय वाट्टेल ते बोललं जायचं. म्हणे, वेंगुर्ल्यापर्यंतचा प्रत्येक खडक त्यांना ओळखतो, आणि दोन खडक तर त्यांना वाट द्यायला बाजूला सरकतात. ते सरकताना ज्यांनी पाहिलं ती माणसं अजून जिवंत आहेत. फक्त त्या दिवशी ती सगळी माडी पिऊन आली होती. आणि घोरणं असं, की जयगडला एकदा ते ऐकून लोक बोचकी घेऊन धक्क्यावर आले होते, आगबोट लागली म्हणून.

या गलबताची एक रीत होती. तांडेल सुकाणू सोडणार असला की शेवटच्या फेरीत, निवतीच्या टोकाला, दर्याला नारळ सोडायचा. पण तो जुन्या तांडेलाने सोडायचा नाही. ज्याच्या हातून सुटेल तो नवा तांडेल.

नारळ जयगडलाच घेतला होता. गुणाजी तो गोधडीत गुंडाळून उशाशी घेऊन झोपत. अर्जुन त्या उशीकडे पाही, तसं नव्या नवरीकडेही कोणी पाहत नसेल.

सुकाणूला दोघांची पाळी असे. सकाळी अर्जुन, दुपारी धाकू. धाकूला येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.

आणि धाकूच्या पाळीत काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसायचे. बोट दाखवायचे. कानाशी लागून काहीबाही सांगायचे. दुपारभर.

अर्जुनच्या पाळीत? गलबत खाडीच्या तोंडाबाहेर पडतं न पडतं तोच गोधडी पसरायची, की सुरू... आगबोट!

अर्जुनच्या पोटात तेव्हा खालच्या मिठासारखं काहीतरी ओलं होई, आणि ओलं झालं की जड होई.

"काही सांगत नाही त्याला," गुणाजी ताट विसळत म्हणाले. "तुला जे ठाऊक आहे, तेच."

"मग माझ्याशी का बोलत नाही?"

गुणाजींनी ताटातलं पाणी खाडीत फेकलं.

"तुझ्या पाळीत छान वारा लागतो बघ अंगाला," ते म्हणाले, आणि चूळ भरायला उठले.

* * *

सकाळी जमिनीवरचा मतलई वारा सुटला. नांगर वर आला. अर्जुन सुकाणूवर बसला.

"चल, काढ," गुणाजी म्हणाले. गोधडी पसरली. नारळ उशाशी. देवगडचा किल्ला मागे पडायच्या आत त्यांचं घोरणं शिडाला भिडलं.

अर्जुनने ठरवलं, आज यांना उठवायचं. हाक मारून नव्हे. हाक कुणीही मारील.

त्याने सुकाणू जरा वळवलं. शीड सैल पडलं आणि फडफडू लागलं. असा फडफडाट, की झोपलेला खलाशी मेला नसेल तर उठून बसावा.

गुणाजींनी कूस बदलली.

अर्जुनने खोकून पाहिलं. बादली लाथाडून पाहिली.

घोरणं चालूच.

मग आचऱ्याच्या अलीकडे ती खडकांची रांग दिसू लागली. शहाणी गलबतं तिला बाहेरून वळसा घालतात. रांगेच्या आतून, किनाऱ्याला चिकटून, रिकामी होडीसुद्धा कुणी नेत नाही. इथे तर पोटभर मीठ.

अर्जुनने नाळ, गलबताचं पुढचं टोक, आत वळवली.

पुढे उभा असलेला धाकू ओरडला, "अर्जूदादा! पाणी पांढरं दिसतंय!"

"तुला कुणी विचारलं?"

"अहो, खडक आहे!"

"मला शिकवू नको. तू ऐकत बस कानात कुणी काय सांगतं ते!"

हे म्हणताना अर्जुनचे डोळे खडकावर नव्हते. ते गोधडीवर होते. आता उठतील... आता...

खालून आवाज आला. खरवडल्यासारखा. बारा वर्षांत या गलबताच्या पोटातून तो आवाज कुणी ऐकला नव्हता.

घोरणं थांबलं.

मग अर्जुनने जे केलं, ते मात्र बघण्यासारखं होतं. सुकाणू पोटाशी ओढलं, शिडाची दोरी दातांनी सोडली, लाटेने गलबत उचललं त्या क्षणी नाळ फिरवली आणि दोन खडकांमधल्या फटीतून ते बाहेर काढलं. पाण्याच्या वर कडेची एक फळी सोललेल्या केळ्यासारखी पांढरी झाली, पण पाणी आत आलं नाही. एरवी या गोष्टीवर त्याला चार बंदरांत फुकट चहा मिळाला असता.

गुणाजी उठून बसले होते. त्यांनी खडकाकडे पाहिलं. फळीकडे पाहिलं. अर्जुनकडे पाहिलं.



त्यांनी गोधडी गुंडाळली. सुंभाने बांधली. गाठीवर गाठ. मग ते सुकाणूपाशी आले आणि अर्जुनच्या शेजारी टेकले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अर्जुनचा ऊर भरून आला. बारा वर्षं!

गुणाजी त्याच्या कानाशी लागले.

"तो डोंगर दिसतो ना? त्याच्या खाली पांढरं देऊळ आहे."

"हो काका."

"देऊळ माडांच्या मागे गेलं की समजायचं, इथे पाणी खोल आहे."

"हो."

"आणि पाणी पांढरं दिसलं की समजायचं, खाली खडक आहे."

अर्जुनने चमकून पाहिलं. काका गंभीर होते.

"हे मला ठाऊक आहे, काका."

"असेल," गुणाजी म्हणाले. "वारा मागून आला की शीड आडवं सोडायचं..."

मालवण येईपर्यंत ते बोलत होते. खांद्यावरचा हात हलला नाही. किनाऱ्यावरचा माड न् माड त्यांनी दाखवला. नवख्याला सांगतात तसं, हळू, एकेक गोष्ट दोनदा.

अर्जुनचा खांदा इतका दुखला, की त्यापेक्षा मिठाची गोणी घेतली असती तर बरं.

* * *

दुपारी धाकू सुकाणूवर आला. अर्जुन उठला. आता काका तिथेच बसतील, हे ठरलेलंच.

गुणाजी उठले. गाठीवरच्या गाठी सोडल्या. गोधडी पसरली. नारळ उचलून अर्जुनच्या हातात दिला.

"धर जरा. बोचतो."

आणि आडवे झाले. धाकूच्या पाळीत!

धाकूच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका? ओ काका... निवती यायचीय अजून!"

घोरणं.

"अर्जूदादा, हे झोपले हो!"

"झोपू दे," अर्जुन म्हणाला. हातातल्या नारळावरून त्याने अंगठा फिरवला. शेंडी राखलेली होती. आत पाणी डुचमळलं.

"तुम्हाला काय होतंय म्हणायला! तुमच्या पाळीत ते बारा वर्षं घोरतायत. मी आल्यापासून रोज सकाळी ते ऐकतोय आणि जळतोय." धाकू सुकाणूला दोन्ही हातांनी लटकला होता. "माझ्या पाळीत कधी डोळ्याला डोळा लागला त्यांचा?"

अर्जुनचा अंगठा थांबला.

समोर निवतीचं टोक आलं. उजव्या हाताला, बाहेर समुद्रात, दीपगृहाचे खडक. मधली वाट रुंद दिसते. दिसते एवढंच. पाण्याची ओढ तिथे गलबताला गुपचूप खडकांकडे नेते, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

धाकूने नाळ वाटेच्या बरोबर मध्यावर धरली होती. कुणीही नवखा तशीच धरील.

अर्जुनला ते दिसत होतं.

गप्प बसलं, तर थोड्या वेळात सगळ्यांनाच दिसलं असतं. मग सुकाणू आपसूक त्याच्याच हाती आलं असतं, आणि नारळ तर हातात होताच.

"अर्जूदादा... बरोबर आहे ना?"

घोरण्याचा आवाज. पाण्याचा आवाज.

"अर्जूदादा?"

खडकांवरचे पक्षी आता एकेकटे ओळखू येत होते.

अर्जुन उठला. धाकूशेजारी जाऊन बसला. हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना, मग त्याने तो धाकूच्या खांद्यावर ठेवला.

"डावीकडे घे," तो म्हणाला. "किनाऱ्याकडे."

"किनाऱ्यावर जाऊ!"

"जाणार नाही. ओढ उजवीकडे आहे. अजून घे... अजून. चुकतोय असं वाटेल इतकं घे."

धाकूने घेतलं. गलबत नाळ किनाऱ्याकडे ठेवून तिरकं तिरकं, खेकड्यासारखं, मधल्या वाटेने सरळ गेलं. खडक उजवीकडून सरकत मागे पडले.

त्या सगळ्या वेळात घोरण्याची लय एकदाही तुटली नाही.

निवतीचं टोक डाव्या हाताला आलं. धाकूने अर्जुनच्या हातातल्या नारळाकडे पाहिलं. अर्जुनने धाकूच्या हातातल्या सुकाणूकडे पाहिलं.

"काका," अर्जुनने हाक मारली. "निवती आली. नारळ कुणी सोडायचा?"

गुणाजींनी डोळे उघडले नाहीत. गोधडी कानावर ओढून घेतली.

"मला ज्यानं झोपू दिलं, त्यानं."