बिडाचा तवा आणि हिरवं पाणी

"चाचा, असा एक तरी डाग सांगा, जो ह्या पाण्यानं निघत नाही!"

विचारणारा नागनाथ. विचारलं ते दस्तगीरचाचांना. मोहोळ गावी सोलापूरच्या रस्त्याला एक गॅरेज होतं, तिथं हे दोघं राबायचे. एक गुरू, एक चेला. गुरूची सत्तरी उलटलेली, चेल्याची तिशी. गुरू बोलायचा थोडं. उरलेलं सगळं चेला बोलायचा.

आणि पाणी म्हणजे विहिरीचं नव्हे. इंजनाचं जळकं ऑईल नि चिकट ग्रीस सोडवणारं, सोलापूरहून कॅनमध्ये आणलेलं हिरवं पाणी.

चाचांनी दोन्ही तळहात पुढं धरले. पन्नास वर्षांचं काळं रेघारेघांत बसलेलं.

"आत्ता काढतो की!" नागनाथनं ब्रश उचलला.

चाचांनी हात मागं घेतले, चहाची बशी उचलली.

"हे राहू दे."

"का?"

चाचा फुरका मारून चहा प्याले...

नागनाथला त्या पाण्याचं भारी वेड लागलं होतं. इंजन तर धुतलंच. पुढं खानावळीचा पंखा धुतला, न्हाव्याची खुर्ची धुतली, शेजारच्या वहिनींच्या खिडकीची जाळी धुतली. कुणाच्या अंगणात मोटारीच्या तेलाचा डाग पडला की नागनाथ हजर. फरशीला एका वाटीला दहा वाट्या साधं पाणी, स्वयंपाकघरातल्या चिमणीला चार, इंजनाला तसंच, न मिसळता. हातमोजे घालून, दारं उघडी ठेवून. सगळं त्याला तोंडपाठ. लोक म्हणत, "नाग्याचा हात फिरला की वस्तू दहा वर्षं लहान होते."

नागनाथ फुगला. फुगणारच.

पोस्टमननं सायकल आणली तर तिची साखळी त्यानं आरशासारखी करून दिली. चौथ्या दिवशी पोस्टमन सायकल हातात धरून, चालत आला. साखळी तांबसलेली, कुईकुई रडणारी.

चाचांनी तेलाची बुधली घेतली. एकेका कडीवर एकेक थेंब सोडला. नागनाथकडं बघितलंही नाही.

नागनाथनंही बघितलं नाही. तो पुढचा पंखा धूत होता.

अशात त्याची बायको पद्मीण भावाच्या लेकराच्या बारशाला वैरागला गेली. दोनच दिवसांसाठी. नागनाथला वाटलं, माघारी आली की डोळे दिपले पाहिजेत हिचे. कॅन घरी आणला. ओट्यामागची भिंत धुऊन काढली, गॅसची शेगडी काढली, डब्यांची झाकणं काढली. सगळं लख्ख. शेवटी फळीमागं हात घातला नि निघाला बिडाचा तवा.

तो तवा त्याच्या आईचा. आईच्याही सासूचा. काळा, जड, गुळगुळीत. पद्मीण नवी नवरी होऊन आली तेव्हा तिचं एक धिरडं धड निघत नव्हतं. वर्षभर फाटलं. सासू रागावली नाही. म्हणायची, "तवा माणूस ओळखायला वेळ घेतो, बाई. थांब जरा." मग एका सकाळी धिरडं सुटलं, चंद्रासारखं, पुरं. त्या दिवशी सासूनं तवा सुनेच्या हातात दिला नि आपण चुलीपासून उठली ती उठलीच.

नागनाथला हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण त्याला तव्यावर दिसलं ते काळं.

दोनदा हिरवं पाणी, वरून तारेचा काथ्या. तवा पांढरा पडला. दहा वेळा धुतला नि ओट्यावर उभा करून ठेवला, पद्मिणीला आल्याबरोबर दिसावा म्हणून.

पद्मीण आली. घर बघून हसली. मग तवा दिसला...

तिनं पीठ कालवलं, लसूण-मिरची घातली, तव्यावर ओतलं. चिकटलं. दुसरं ओतलं. फाटलं. तिसऱ्याला गॅस बंद केला.

"आत्याबाई गेल्या तेव्हा मी रडले नाही," ती सासूच्या आठवणीनं म्हणाली. "म्हटलं, हा हाय की."

सकाळच्या एसटीनं ती परत वैरागला गेली.

नागनाथ आणायला गेला. नवं नॉनस्टिकचं भांडं घेऊन गेला, खोक्यासकट. खोकं तिनं उघडलं नाही. भाऊजय म्हणाली, "दाजी, चहा घ्या," एवढंच. दुसऱ्यांदा गेला तर चहाही नाही.

तेव्हा तो चाचांपुढं येऊन बसला. तवा मांडीवर.

"चाचा, एवढ्याशा तव्यापायी माणूस घर सोडतं का?"

चाचांनी समोरच्या इंजनाचा पिस्टन उचलला. नागनाथनंच सकाळी धुतलेला, चांदीसारखा. तेलाचा थेंब नसलेला.

"बसव."

"असाच? कोरडा?"

"साफ हाय की."

"चाचा, जाम होईल! इंजन धरलं जाईल की सगळं!"

चाचांनी पिस्टन खाली ठेवला. त्याच्या मांडीवरच्या तव्याकडं बघत राहिले. बघतच राहिले...

नागनाथची मान हळूहळू खाली गेली.

"मग आता?"

"शेगडी पेटव."

त्या दिवसापासून दुपारची सुट्टी झाली की गॅरेजच्या मागं शेगडी पेटायची. आधी चाचांनी तवा निखाऱ्यात लाल करवला, हिरव्या पाण्याचा वासही उरू नये म्हणून. मग रोज तेच. तेल लावायचं, धूर निघेपर्यंत तापवायचं, निवू द्यायचं, पुसायचं, पुन्हा तेल. अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवायचा. वर एक धिरडं घालायचं.

पहिलं धिरडं स्क्रूड्रायव्हरनं उचकटावं लागलं.

ट्रॅक्टर घेऊन आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "काय नाग्या, इंजन उतरवतोस का धिरडं?"

सगळे हसले. चाचांनी जळकं धिरडं मोडून अर्धं घेतलं, अर्धं नागनाथला दिलं, नि खाल्लं. मीठ विसरलं होतं तरी खाल्लं.

"किती दिवस लागतील, चाचा?"

"तुझ्या आईला किती लागले होते?"

नागनाथनं बोटं मोजायला घेतली नि सोडून दिली.

महिना गेला, दुसरा सरत आला. तव्याच्या मधोमध रुपयाएवढं काळं आलं. मग भाकरीएवढं. कडा तशाच पांढऱ्या. धिरड्याचं पोट सुटायचं, कड धरून ठेवायची. नागनाथच्या बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. आता तो बोलायचाही थोडं.

एका दुपारी चाचा म्हणाले, "आता ने तिच्याकडं."

"अजून चिकटतंय, चाचा!"

"म्हणूनच आता ने."

नागनाथनं तवा आईच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधला. वैरागला दारातच पद्मीण शेंगा फोडत बसली होती. त्यानं गाठोडं तिच्यापुढं सोडलं.

"माझ्यानं अजून व्हईना," तो म्हणाला. "कडा राहिल्यात."

पद्मिणीनं तव्यावर बोट फिरवलं. मधल्या काळ्यावरून कडेच्या पांढऱ्यापर्यंत. मग त्याचा हात धरला, उलटा केला नि बोटांची टोकं बघितली.

"कशानं भाजलं?"

"ह्यानंच."

अंगणात कोंबड्या शेंगांची फोलं चिवडत होत्या...

"मंद आचेवर ठेवत नसशील," ती म्हणाली. "घाई. सगळ्याचीच घाई." नि आत जाऊन पिशवी भरायला लागली.

भाऊजय धावली. "दाजी, चहा टाकते!"

"राहू द्या," पद्मीण आतून म्हणाली. "पाचची गाडी हाय."

पुढं तिच्या हाताखाली कडाही काळ्या झाल्या. तव्यानं पुन्हा माणूस ओळखलं. त्या घरात सकाळी लसणाचा वास दरवळायला लागला, आणि संध्याकाळी दोघांच्या बोलण्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. ह्याहून मोठं भाग्य घराला दुसरं कुठलं असतं?

एका शुक्रवारी चाचांना जेवायला बोलावलं. पद्मिणीनं पहिलं धिरडं त्यांच्या ताटात सोडलं. चंद्रासारखं, पुरं. चाचांनी काळ्या रेघांचा हात त्यावर क्षणभर ठेवला, मग घास मोडला.

नागनाथ समोर बसलेला. कॅन अजून कोपऱ्यात होता, अर्धा भरलेला.

"चाचा, शेजारच्या वहिनींच्या खिडकीची जाळी पुन्हा मेणचटलीय. पण आता हात धजत नाही. काय काढावं नि काय ठेवावं, हे माणसाला कळायचं कसं?"

चाचांनी दुसरं धिरडं मागून घेतलं. सावकाश खाल्लं. पाणी प्याले. पद्मिणीकडं बघून हसले, मग त्याच्याकडं वळले...

"तवा कुणाचा होता, बेटा? तिला विचारलं होतंस?"