गादीवरची वीत

"पुरे" म्हणायला महाराज विसरले, आणि स्वेटरची बाही दरबारातून निघाली ती पायऱ्या उतरून थेट मुदपाकखान्यात पोचली! आचाऱ्याने तिला फडकं समजून कढई पुसली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं.

शेवंतगडचे महाराज धुरंधरराव अंगाने दांडगे, आणि हट्टाने त्याहून दांडगे. त्यांच्या मावशीसाहेबांनी तान्ह्या बाळराजांसाठी क्रोशाच्या स्वेटरची कृती लिहून पाठवली होती. कृती म्हणजे काय, तर, "साखळी घालावी. तिच्यावर खांब विणत जावे. पाठ तीन विती. बाह्या पुरे होईपर्यंत. मी येईन तेव्हा बाळाच्या अंगात दिसावा." बस्स! वीत कोणाची? पुरे कोण म्हणणार? काही पत्ता नाही.

विणकाम करणाऱ्या बयोबाईने भीत भीत विचारलं, "महाराज, मावशीसाहेबांना एकदा विचारून घेऊ का?"

"मावशीसाहेबांना विचारायचं?" महाराजांचा हात आपोआप कानाकडे गेला. लहानपणी तो कान मावशीसाहेबांनी भरपूर पिळला होता. "मुळीच नाही! शेवंतगडात वीत एकच, गादीवर जो बसेल त्याची! आजोबांपासून चालत आलंय. घोंगडी मोजा, दोर मोजा, नाहीतर स्वेटर मोजा! आणि पुरेसुद्धा गादीवरचाच म्हणेल!"

मग काय, बयोबाईने महाराजांच्या पंजाने तीन विती पाठ विणली, बाही सुरू केली, आणि महाराज शिकारीला निघून गेले. पुढचं सांगितलंच.

परत येऊन महाराज बघतात तर स्वेटरात हत्तीचं पिल्लू आरामात मावलं असतं!

"बयोबाईला कोठडीत टाका!" महाराज गरजले. "परवा मावशीसाहेब येतायत! माझ्याच नियमाने विणलेला, पण बाळाच्या अंगात बसणारा स्वेटर कोणी दिला तरच ही सुटेल. नाहीतर बसू दे तिथेच!"

बयोबाईची सून गोजरा. तिचं पोर आजीच्या मांडीशिवाय झोपेना. दूध घेईना, नुसती किरकिर. अंग तापलंय का म्हणून गोजरा सारखी त्याच्या कपाळाला हात लावून बघायची, मग स्वतःच्या कपाळाला, मग पुन्हा त्याच्या. शेवटी तिने पोराला पाठीशी बांधलं, लोकरीचा गुंडा आणि क्रोशाची सुई कमरेला खोवली, आणि गड चढली.

कोठडीच्या झरोक्यातून बयोबाई म्हणाली, "अगं, पोराच्या कानाला फडकं बांधलंस का? वर वारं केवढं असतं!"

"बांधलंय, आत्याबाई. तुम्ही काळजी करू नका, ती मी करतेच आहे!"

दरबारात गेल्यावर महाराजांनी भुवया उडवल्या. "तू काय करणार गं?"

"आधी ज्याचा स्वेटर आहे त्याला घालून तर बघू, महाराज."

बाळराजांना आणलं. गळ्यातून आत सोडलं मात्र, बाळराजे दिसेनासे झाले! दिवाणजी एका बाहीत शिरले, हुजऱ्या दुसरीत शिरला. बाळराजे सापडले पाठीच्या घडीत, आणि त्यांनी असा टाहो फोडला की छपरावरची कबुतरं उडाली. ते ऐकून गोजराच्या पाठीवरचंही सुरू झालं.

महाराजांनी खुळखुळा वाजवला. मिशी ओढायला दिली. उपयोग नाही!

"अरे, कोणीतरी गप्प करा याला!"

"उंच बसवा, महाराज," आपल्या पोराला थोपटत गोजरा म्हणाली. "उंचावरून सगळं दिसलं की पोरं रमतात. तुमच्या गादीवर बसवा."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही घोडा व्हा. आमच्या घरी हे रोज होतात."

"मी? घोडा? भर दरबारात?"

बाळराजांनी आवाज आणखी चढवला. महाराजांनी दरबाराकडे बघितलं. दरबार छताकडे बघायला लागला. महाराज खाली उतरले, गुडघे टेकले, हात टेकले आणि खिंकाळले!

दिवाणजींनी धरून गादीवर बसवलेले बाळराजे खुदकन हसले. गोजरा तेवढ्यात पुढे झाली. बाळाचा इवलासा पंजा पसरून तिने धाग्यावर वीत धरली, गाठ मारली. अशा तीन. मग धागा खांद्यापासून हातावर नेला. मनगटाशी आला तसा बाळराजांनी तो मुठीत पकडला आणि तोंडात घातला. काही केल्या सोडेनात!

"पुरे म्हणाले!" गोजराने जाहीर केलं.

"ए! काय चाललंय?" घोडा ओरडला. "माझा नियम मोडतेस? वीत माझी धरायची!"

"नियमच पाळतेय, महाराज. गादीवर जो बसेल त्याची वीत. पुरेही तोच म्हणेल. गादीवर बाळराजे बसलेत."

"मग मी कोण?"

"तुम्ही घोडा! आणि घोड्याची वीत शेवंतगडात कोणी मोजल्याचं मी तरी ऐकलं नाही!"

घोड्याची मिशी थरथरली. मग पोट थरथरलं. आणि महाराज हसत हसत आडवेच झाले! "सोडा रे बयोबाईला! या पोरीने मलाच लगाम घातला!"

पोर आजीच्या मांडीवर गाढ झोपलं, आणि गोजराने सुई चालवली. मावशीसाहेब आल्या तेव्हा स्वेटर बाळराजांच्या अंगात असा बसला होता, जणू अंगावरच विणलाय.

"वा! वीत बाळाचीच घ्यायची हे कळलं तर तुला!" मावशीसाहेब म्हणाल्या.

"म्हणजे काय, मावशीसाहेब! वाचल्या वाचल्या कळलं!" महाराज म्हणाले, आणि गोजराला खोकला आला तसा त्यांनी दोन्ही कान झाकून घेतले.

मावशीसाहेब आपल्या महालात गेल्यावर महाराज गोजराला हळूच म्हणाले, "काय हवं ते माग, पण खोकू नकोस!"

"तो मोठा स्वेटर द्या, महाराज. थंडी तोंडावर आलीय. उसवला की आमच्या वाडीतल्या सगळ्या पोरांची टोपडी होतील."

महाराज पुन्हा खदखदून हसले. स्वेटर तर दिलाच, वर एक दुभती गाय, आणि दर थंडीला वाडीसाठी गाडीभर लोकर! बाहीचं टोक मात्र आचारी सोडेना. म्हणाला, "एवढी लख्ख कढई दुसऱ्या कशाने निघतच नाही!"