हिन्याचा फाया आणि राखेची पुरचुंडी

फार पूर्वी कोकणातल्या एका बंदरात एक अत्तरवाला राहत होता. धंदा अत्तराचा, पण वेड हत्तींचं! देवळापुढे साखळदंडात डोलणारा हत्ती त्याने पाहिला होता. त्याला पाहायचा होता मोकळा हत्ती, त्याच्याच रानात, त्याच्याच गोतावळ्यात.

एकदा ओळखीचा एक तांडेल गलबत घेऊन आफ्रिकेला निघाला. अत्तरवाला हट्टाने त्यात चढलाच. किनाऱ्याला लागल्यावर दोघांनी एक म्हातारा वाटाड्या गाठला. गलबत लगेच परतणार होतं, त्यामुळे रानासाठी एकच सकाळ हाताशी होती.

वाटाड्या म्हणाला, "शेठ, माझ्या मागे एका ओळीत चालायचं. बोलायचं नाही. आणि अंगाला सुवास लावायचा नाही. हत्तीला डोळ्यांनी बेताचंच दिसतं, पण सोंडेपासून काही लपत नाही. नेम मोडला, की तिथूनच माघारी."

"कबूल बाबा, कबूल!" अत्तरवाला लहान मुलासारखा म्हणाला.

सकाळी त्याने घसघसून अंघोळ केली. पण कानात अत्तराचा फाया नसला, की त्याला चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटे. 'एवढासा तर आहे, कुणाला कळतंय!' म्हणत त्याने हिन्याचा फाया कानात खोचला आणि वरून पागोटं बांधलं. जित्याची खोड ती, अशी जाते थोडीच!

वाटाड्याच्या हातात राखेची पुरचुंडी होती. ती झटकून तो वारा पाही आणि वाट बदले. थोड्याच वेळात ओल्या मातीत सुपाएवढी पावलं दिसली. लीद अजून गरम होती. वाटाड्याने खुणेनेच सांगितलं, पुढच्या ओढ्यावर आहेत! अत्तरवाल्याचं काळीज असं धडधडू लागलं, की तेवढ्याने हत्ती बिथरतील अशी त्याला भीती वाटली.

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक पाठीमागून गेली. ओढ्यावर पोचून पाहतात, तर पाणी गढूळ, फांद्या अजून हलताहेत आणि हत्ती पसार! दुसऱ्या पाणवठ्यावरही तेच झालं.

तांडेल भडकला. "घाला ती राख चुलीत! म्हाताऱ्याला वारा कळत नाही. बंदरावर सगळ्यांना सांगतो, याच्याबरोबर कुणी जाऊ नका."

वाटाड्या खाली बसला. "एवढ्याशा झुळकेने ते कधी पळत नाहीत. माझंच काही चुकत असेल. वय झालं आता."

अत्तरवाला पेचात पडला. बोलावं, तर जन्माची हौस इथेच संपणार. गप्प राहावं, तर या माणसाची अब्रू जाणार. त्याने पागोटं उतरवलं आणि फाया तळहातावर ठेवला.

"बाबा, तुमची राख खरी आहे. लबाडी माझी आहे." एवढं बोलून तो आपणहून माघारी वळला.

"थांबा शेठ," वाटाड्या म्हणाला. "नेम मोडणाऱ्याला मी परत पाठवतो. तुम्ही तर आत्ता पाळायला लागलात. तो फाया इथेच पुरा आणि इथे पडलेली ही लीद अंगाला चोळा!"

ज्याने जन्मभर लोकांना केवडा-गुलाब लावला, त्याने मानेपर्यंत, कानाच्या पाळीपर्यंत हत्तीची लीद चोळली. तांडेल नाक दाबून हसत होता. पण याला कुठली लाज? तो तर केव्हाच चालू लागला होता!

तिसरा पाणवठा आला. झुडपाआड तिघे बसले. समोर अख्खा कळप होता! म्हाताऱ्या हत्तिणीने सोंड उचलली आणि थेट यांच्याकडे रोखली. तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. अत्तरवाल्याने श्वास रोखून धरला.

सोंड सावकाश खाली आली. तिच्या पोटाखालून एक इवलंसं पिल्लू आलं, स्वतःच्याच सोंडेत पाय अडकून धपकन पडलं आणि उठून आईला बिलगलं. अत्तरवाल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

कळप रानात गेल्यावर तांडेलाने तिथेच वाटाड्याची माफी मागितली. अत्तरवाल्याला मात्र त्याने परतीच्या प्रवासात तीन दिवस गलबताच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. तो तिथेही हसतच बसला होता.

तात्पर्य: दुसऱ्याच्या घरी जाताना आपला तोरा उंबऱ्याबाहेर ठेवावा, आणि चुकून आत नेलाच, तर त्याचा दोष दुसऱ्यावर जाण्याआधी आपल्या तोंडाने कबूल करावा.