खांबावरचा बाबा आणि रोमचा सम्राट

"माझ्या डोक्याच्या वर पाय सोडून बसलेला हा कोण प्राणी आहे?" सम्राट मॅक्रोनियस गरजला आणि सगळं गाव मातीत तोंड घालून गप्प पडलं.

तो प्राणी म्हणजे झबदाबाबा! सीरियातल्या त्या माळावर एक दगडी खांब होता, चांगला दोन ताड उंच. त्याच्या टोकावर हे ख्रिस्तभक्त तपस्वी कित्येक वर्षं मुक्काम ठोकून होते. मरेपर्यंत खाली उतरणार नाही, असं त्यांचं व्रत. भाविक म्हणत, बाबा देवाजवळ जायला वर गेले. गावातल्या म्हाताऱ्या म्हणत, बायकोच्या तोंडाला कंटाळून गेले. खरं काय ते देवाला ठाऊक आणि देवाघरी गेलेल्या त्या बायकोला! दर्शनाची गर्दी वाढली की बाबा कुरकुरत, "फार कलकलाट होतोय." मग गवंडी परांची बांधत आणि बाबांच्या बुडाखाली आणखी एक दगड सरकवत.

या सगळ्याचा भार पडे शमूनीवर. ही बाबांची पुतणी. रोज टोपलीत भाकरी आणि शिजवलेले मसूर ठेवायचे आणि वरच्या कडीतून ओवलेल्या दोरानं टोपली चढवायची, हे तिचं काम. खांब वाढला की दोर वाढे, दोर वाढला की हाताला नवा घट्टा. काका चिडका होता, हट्टी होता, पण आईबाप गेल्यावर तिला त्यानंच वाढवलं होतं. तिचा त्याच्यावर फार जीव होता.

"साम्राज्यात माझ्या वर फक्त आभाळ असतं! उतरवा त्याला!" सम्राट ओरडला.

एकही शिपाई हलेना. तपस्व्याला हात लावला तर हात झडतो, असं अर्ध्या फौजेला वाटत होतं आणि उरलेल्या अर्ध्या फौजेला खात्री करून बघायची हौस नव्हती.

वरून आवाज आला, "मी उतरत नसतो! आणि जरा हळू बोला, प्रार्थना चाललीय!"

प्रधान पुढे सरसावले. "महाराज, याच्याहून उंच मनोरा बांधू. आपण वर बसावं, हा आपोआप खाली!"

कल्पना सम्राटाला आवडली. लगेच एक शिडी आणून त्यानं चढून पाहिलं. तिसऱ्या पायरीवर त्याचे डोळे मिटले, गुडघे लटपटले आणि तो गुपचूप खाली आला.

"शिडी कुजकी आहे!"

शिडी कोरी करकरीत होती. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. ते गुडघे शमूनीनं मात्र नीट पाहून ठेवले.

"सम्राट चढत नसतो!" मॅक्रोनियस म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत या म्हाताऱ्याचं डोकं माझ्या पायाखाली दिसलं पाहिजे. नाहीतर खांबाला बैल जुंपा आणि पाडा! बैलांना कुठे शाप लागतो!"

एवढ्या उंचावरून पडल्यावर काका कसला वाचतो? शमूनी खांबाशी धावली. "काका, एकदाच उतरा हो! माझ्यासाठी!"

"व्रत म्हणजे व्रत! आणि आज मसुरात मीठ कमी होतं."

रडावं की दगड मारावा, तिला कळेना. डोळे पुसत ती खांबासमोरच्या दगडी हौदाच्या काठावर बसली. उंट पाणी पिऊन निघून गेले, पाणी निवळलं. तिनं सहज आत पाहिलं आणि ताडकन उठून थेट सम्राटापुढे उभी राहिली.

"महाराज, उद्या कशाला? आत्ताच करते. फक्त उंटांना जरा दूर ठेवा. आणि जमलं तर मागेन ते द्या."

"आणि नाही जमलं तर?"

"तर बैलांच्या जोडीला मलाही जुंपा!"

तिनं सम्राटाला हौदाच्या अगदी काठाशी उभं केलं. "आता खाली बघा, महाराज."

सम्राटानं पाहिलं. काठावर त्याचे लाल जोडे. त्यांच्या खाली, पाण्यात, खांब खोल खोल गेलेला आणि त्याच्या पार तळाशी झबदाबाबा दाढीसकट उलटे लटकलेले!

"जो जेवढा उंच, तेवढा पाण्यात खोल," शमूनी म्हणाली. "आपले पाय हे इथे. बाबांचं डोकं कुठे आहे?"

"पार पाताळात!" सम्राट खूश होऊन आणखी वाकला. "आणि मला एक पायरीसुद्धा चढावी लागली नाही!"

तेवढ्यात वरून बाबा ओरडले, "अगं शमूने, तो सम्राट मला वाकून नमस्कार करतोय का? आशीर्वाद आहे म्हणावं, आता जा!"

फौजेत कुणीतरी फिसकन हसलं. सम्राट झटक्यात ताठ झाला. "पोरी! भर फौजेसमोर मला मान वाकवायला लावलीस?"

शिपायांचे हात तलवारींकडे गेले. शमूनीची जीभ मात्र शाबूत होती.

"मग महाराज, मान खाली घातल्याशिवाय आपल्या पायाखाली कोण आहे, हे कोणत्या सम्राटाला दिसलंय?"

सम्राट हसायला लागला. इतका हसला, की डोक्यावरचा मुकुट घसरून डुबकन हौदात पडला आणि पाताळातले बाबा विरघळून गेले.

"माग! काय हवं ते माग!"

शमूनीनं घट्टे पडलेले दोन्ही तळहात पुढे केले. "हुकूम काढा महाराज. हा खांब यापुढे बोटभरही वाढवायचा नाही!"

"दिला हुकूम! शिवाय दोराला चांगली कप्पी बसवून देतो, आणि फौजेच्या कोठारातलं एक पोतं मीठ घेऊन जा!"

हुकूम ऐकून बाबा वरून कडाडले, "हा धर्मावर घाला आहे!"

"असू दे काका," टोपली भरत शमूनी म्हणाली. "आता मीठ बरोबर आहे. गरम आहे तोवर जेवून घ्या!"